घरच्या नेटची डेटा लिमिट: लोक सारखे विचारतात ते प्रश्न

सोसायटीत कुणाचं नेट अडकलं की पहिला फोन मला येतो. मी ना केबलवाला ना कंपनीचा माणूस, एकदा ग्रुपवर राउटर रीस्टार्ट कसा करायचा ते लिहून बसलो आणि तेव्हापासून हे मागे लागलंय. तेच तेच उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. प्लॅन आणि किमती बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी तुमच्या प्लॅनचा आजचा आकडा बघाच.

१. एफयूपी एफयूपी म्हणतात ते नक्की काय असतं?

फेअर यूसेज पॉलिसी. महिन्याला एवढे जीबी फुल स्पीडने वापरा, त्याच्यावर गेलात की स्पीड पाडणार, एवढाच अर्थ. मोबाइलला "रोज २ जीबी" असतं तसंच हे, फक्त घरच्या नेटला बहुतेक वेळा दिवसाची नाही तर महिन्याची लिमिट असते आणि ती बरीच मोठी असते.

२. प्लॅनवर तर मोठ्या अक्षरात अनलिमिटेड लिहिलंय, मग लिमिट आली कुठून?

अनलिमिटेड थाळी खाल्लीय ना कधी? पाटीवर अनलिमिटेडच असतं, पण आठव्या पुरणपोळीनंतर वाढपी तुमच्या टेबलाकडे बघायचंच बंद करतो. इथे वाढपी म्हणजे खालची बारीक अक्षरं. नेट "बंद" होत नाही म्हणून ते अनलिमिटेड म्हणतात, आणि स्पीड पडतो तो नियम अटींमध्ये कुठेतरी लिहिलेला असतो. माझ्या मते हा शब्द वापरायलाच नको होता, पण वापरतात. म्हणून पैसे भरायच्या आधी दोनच आकडे विचारायचे: किती जीबीपर्यंत फुल स्पीड, आणि त्यानंतर किती स्पीड. सगळे पहिला आकडा विचारतात, दुसरा कुणीच विचारत नाही, आणि त्रास दुसऱ्यानेच होतो (प्रश्न ५ बघा).

३. ३३०० जीबी म्हणजे किती ओ? आमच्या घरात संपेल का?

फायबरच्या बऱ्याच प्लॅनला आता ३३०० जीबी, म्हणजे ३.३ टीबी असते. ३० दिवसांनी भागलं तर रोज ११० जीबी. आता खर्च बघा. एचडी पिक्चरला तासाला साधारण ३ जीबी धरा. म्हणजे टीव्ही महिनाभर चोवीस तास न थांबता चालू ठेवला तरी २१६० जीबी होतात, लिमिट शिल्लकच. फोर-केला तासाला ७ जीबी धरले तर मात्र ४७१ तासांत संपते, म्हणजे रोज साधारण साडेपंधरा तास. ऑफिसचा व्हिडिओ कॉल तासाला एक जीबीच्या आसपास जातो, रोज आठ तास मीटिंगमध्ये बसलात (देव करो न बसो) तरी महिन्याला दोनशे जीबी होतात.

तर चार माणसांच्या साध्या घरात ३३०० संपत नाही. संपली तर काहीतरी वेगळं चालू आहे, ते प्रश्न ९ आणि १० मध्ये. पण तुमचा प्लॅन ३३०० चाच आहे हे गृहीत धरू नका, लोकल केबलवाल्यांकडे २००, ५००, १००० असं काहीही असू शकतं.

४. हा ३३०० चा आकडा आला कुठून? आधी तर असं काही नव्हतं.

आधी याच्याहून वाईट होतं, विसरलात. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने आपल्याकडे सगळ्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा तासांवर पैसे होते, ५०० तासांचं पॅक वगैरे. मग २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, मुंबईत एमटीएनएलचं ट्रायबँड, आणि तासांऐवजी एमबी मोजायला लागले. लिमिटच्या वर गेलात तर स्पीड पडायचा नाही, सरळ प्रत्येक एमबीला पैसे लागायचे आणि बिल बघून बाबा मोडेमची वायर काढून कपाटात ठेवायचे. डेटावनच्या होम ५०० प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फ्री असायचं. मी स्वतः रात्री दोनचा अलार्म लावून उठलोय, डाउनलोड सुरू करून मॉनिटर बंद करायचा, त्यावर टॉवेल टाकायचा म्हणजे लाइट दिसणार नाही, आणि परत झोपायचं. आठच्या आधी बंद करायला विसरलो की मग घरात महाभारत.

सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबर आलं तेव्हा त्याच्याही खालच्या प्लॅनला दीडेकशे जीबीच्या आतलीच लिमिट होती. वर्षभरात लॉकडाऊन, सगळं घर नेटवर, आणि २०२० च्या ऑगस्टअखेर त्यांनी ३९९ पासूनचे अनलिमिटेड प्लॅन काढले, बारीक अक्षरात ३३०० जीबी. लगेच काही दिवसांत एअरटेलने ४९९ पासून काढले, तिथेही तोच आकडा, पुढे बीएसएनएलच्या फायबर प्लॅनमध्येही तोच. बाजाराचा भाव ठरतो तसा हा ठरला. सरकारने कुणाला ३३०० द्या असं सांगितलेलं नाही.

(३९९ आणि ४९९ वर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, म्हणजे हातात येणारं बिल ४७१ आणि ५८९. हा प्रश्न पण दर महिन्याला येतो म्हणून इथेच उरकला.)

५. लिमिट संपली की नेट बंद पडतं का?

नाही, स्पीड पडतो. ट्रायने (फोन-नेट कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१६ च्या ऑक्टोबरअखेरीस कंपन्यांना सांगितलं की वायरवाल्या ब्रॉडबँडचा स्पीड लिमिटनंतरही ५१२ केबीपीएसच्या (म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसच्या) खाली न्यायचा नाही. त्याच्या वर किती ठेवायचा ते प्लॅनवर आहे, कुठे १ एमबीपीएस, कुठे २, कुठे ४.

ऐकायला सारखेच वाटतात, घरात फरक जाणवतो. ४ एमबीपीएसला एक टीव्ही बऱ्यापैकी चालतो. २ ला व्हिडिओ चालतो पण धुरकट, आणि दुसऱ्या खोलीत कुणी कॉलवर असेल तर भांडण. ५१२ केबीपीएसला व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, यूपीआय होतं, पण ३ एमबीचं एक वेबपेज उघडायला पाऊण मिनिट लागतं, तोपर्यंत माणूस तीनदा रिफ्रेश करतो आणि परत पहिल्यापासून.

गंमत म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची व्याख्याच बदलली, आता किमान २ एमबीपीएस डाउनलोड असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. २०१३ पासून तिथे ५१२ केबीपीएस होतं आणि त्याच्या आधी २५६. म्हणजे लिमिटनंतर ५१२ ला आलेलं तुमचं कनेक्शन आजच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणून बसतच नाही, बिल मात्र ब्रॉडबँडचं.

६. रोज रात्री नऊला नेट स्लो होतं, लिमिट संपली असणार ना?

बहुतेक नाही. दहातल्या आठ फोनना माझं हेच उत्तर असतं. लिमिट संपली असेल तर स्पीड सकाळी सहालाही तेवढाच पडलेला असतो आणि स्पीड टेस्टला दरवेळी तोच आकडा येतो, २ म्हणजे २, जणू कुणी नळ पिळून ठेवलाय. रात्रीच स्लो आणि सकाळी मस्त असेल तर ती गर्दी आहे: एका लाइनवर केबलवाल्याने किती घरं लावलीत आणि सगळे एकदम मालिका आणि मॅच लावतात. त्याला एफयूपीचं नाव देऊन टॉप-अप विकणारेही भेटलेत.

तिसरी शक्यता तुमच्याच घरात असते. राउटर टीव्हीच्या कपाटात, समोर गणपतीची चांदीची फ्रेम, मागे फ्रिज, आणि तक्रार आतल्या खोलीत नेट येत नाही. लॅपटॉपला लॅनची वायर लावून एकदा टेस्ट करा, वायरवर चांगलं आलं तर दोष कंपनीचा नाही.

७. किती वापरलं ते कुठे बघायचं?

कंपनीच्या ॲपमध्ये किंवा तुमचा यूझर आयडी टाकून त्यांच्या पोर्टलवर. लोकल केबलवाल्याचंही पोर्टल असतं, फक्त तो आयडी आणि पासवर्ड त्याने कधी दिलेला नसतो, मागून घ्या. शिवाय लिमिटचे ५० टक्के, ९० टक्के आणि पूर्ण संपल्यावर रजिस्टर नंबरवर किंवा मेलवर कळवायचं हेही ट्रायच्या त्याच २०१६ च्या आदेशात आहे. मेसेज येत नसेल तर कनेक्शन कुणाच्या नंबरवर आहे ते तपासा, बरेचदा जुन्या भाडेकरूच्या नाहीतर घरमालकाच्या नंबरवर निघतं.

८. राउटर दाखवतो २९०० आणि कंपनी म्हणते ३२००, चोरतायत का?

हा फरक चोरीशिवायही पडतो. एक तर काही कंपन्या १००० एमबीचा एक जीबी धरतात आणि बरीच यंत्रं १०२४ ने भागतात, त्यामुळे अशा कंपनीचे ३३०० तुमच्या यंत्रावर साधारण ३०७३ दिसतात. दुसरं, लाइट गेली की कितीतरी राउटरचा काउंटर शून्यावर येतो, आणि आपल्याकडे लाइट जाते. तिसरं, काही राउटर फक्त डाउनलोड दाखवतात. आठ-दहा टक्क्यांचा फरक सोडून द्या. दुप्पट असेल तर मात्र भांडा, दोन्हीचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि प्रश्न १७ वाचा.

९. अपलोडसुद्धा मोजतात का?

बहुतेक प्लॅनमध्ये दोन्ही मिळून मोजतात, आणि इथेच लोक फसतात.

आमच्या बी विंगमधल्या काकूंचा फोन आला, "अरे, आम्ही दोघंच म्हातारे, फक्त मालिका बघतो, अकरा दिवसांत हजार जीबी कसे संपले?" त्यांचा प्लॅन १००० जीबीचा. मला आधी वाटलं पासवर्ड कुणाकडे तरी गेलाय. गेलो, राउटरच्या यादीत बघितलं तर चार अनोळखी नावं, चारही चोवीस तास चालू. काकू म्हणाल्या आमच्याकडे फक्त दोन मोबाइल नि टीव्ही. मग वर नजर गेली, हॉलच्या कोपऱ्यात कॅमेरा. बेंगळुरूच्या मुलाने दिवाळीत येऊन दारात, हॉलमध्ये, गॅलरीत आणि जिन्यात असे चार कॅमेरे लावले होते, चारही क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग.

हिशेब करा: एक कॅमेरा २ एमबीपीएसने पाठवत राहिला तर तासाला ०.९ जीबी, दिवसाला २१.६, महिन्याला ६४८. चार कॅमेरे म्हणजे दिवसाला ८६ जीबी, आणि त्यातले निम्मे तास रिकाम्या जिन्याचे. मुलाला फोन लावला, रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर घेतलं आणि क्लाउडवर फक्त हालचाल झाली तर पाठव असं केलं. पुढच्या महिन्यात सगळं मिळून अडीचशेही झाले नाहीत. काकूंनी चहाबरोबर चकली दिली, कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालीच असणार.

१०. आमच्याकडे कॅमेरे नाहीत, तरी संपतंय?

मग हे क्रमाने बघा. मुलाचा गेम, एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो आणि अपडेट वेगळे. नवीन फोनचा फोटो बॅकअप, पहिल्या आठवड्यात सगळे जुने फोटो-व्हिडिओ चढवत बसतो. टीव्ही रिमोटने बंद केला पण सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिक आत चालूच आहे आणि पुढचा एपिसोड आपोआप लागतोय, हे फार घरांत दिसतं. टॉरेंट, डाउनलोड झालं तरी मागे अपलोड चालूच राहतं. आणि शेवटी पासवर्ड, जो फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि जो दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पासवर्ड बदला, दोन दिवस आकडा बघा, बरंच कळतं.

११. केबलवाला म्हणतो अमुक ॲप बघितलं तर डेटा कटत नाही. खरं का?

ओपन इंटरनेटवरच्या ॲपसाठी असं करता येत नाही. ८ फेब्रुवारी २०१६ च्या ट्रायच्या नियमाने, काय बघताय त्यावरून डेटाचा दर कमी-जास्त करायला बंदी आहे, फेसबुकच्या फ्री बेसिक्सवरून (ठराविक साइट फुकट दाखवायची योजना) एवढा गोंधळ झाला होता तोच मामला. आपल्या कामाचा अपवाद एक: कंपनीच्या स्वतःच्या बंद नेटवर्कमधलं, जे इंटरनेटवर जातच नाही, उदाहरणार्थ त्यांच्या बॉक्सवर येणारे टीव्ही चॅनल. ते वेगळं ठेवता येतं.

आणि यूट्यूब भारी पळतं पण बाकी स्लो, याचा अर्थ डेटा फ्री आहे असा नाही. केबलवाल्याकडे किंवा त्याच्या वरच्याकडे यूट्यूबचा कॅशे सर्व्हर (व्हिडिओंच्या कॉप्या ठेवलेलं यंत्र) असतो, व्हिडिओ जवळून येतो म्हणून पळतो. मोजायचं ते मोजतातच.

१२. लिमिट एक तारखेला रीसेट होते ना?

तुमच्या बिलिंग सायकलला होते. १७ ला रिचार्ज केला असेल तर १७ पासून मोजणी. उरलेला डेटा सहसा पुढे जात नाही. तीन किंवा सहा महिन्यांचे पैसे एकदम भरलेत तर लिमिट महिन्याची आहे का पूर्ण काळाची ते विचारून घ्या, दोन्ही प्रकार बघितलेत.

१३. स्पीड वाढवून घेतला तर डेटा लवकर संपतो का?

पिक्चर तेवढ्याच जीबीचा असतो, स्पीडने तो मोठा होत नाही. पण स्पीड चांगला मिळाला की टीव्ही आपणहून फोर-केला जातो आणि खर्च दुपटीच्या वर जातो, एवढं खरं.

आणखी एक हिशेब मला मजेशीर वाटतो. ३३०० जीबी सलग ओढायचे ठरवले तर ३० एमबीपीएसला दहा दिवस लागतात, १०० ला साधारण ७३ तास, ३०० ला एक दिवस. म्हणजे महाग प्लॅन घेतला आणि लिमिट तीच राहिली तर तुम्ही मोठा नळ घेतलाय, टाकी तेवढीच. मोठं डाउनलोड करणाऱ्यांनी वरचा प्लॅन घेताना टाकी पण विचारा.

१४. आमच्याकडे फायबर येत नाही, एअरफायबर घेऊ का?

येत नसेल तर घ्याच, पर्याय काय. फक्त लिमिट वेगळी असते, तिथे साधारण १००० जीबी, ३३०० नाही. कारण ते हवेतून ५जी वर येतं आणि त्या टॉवरवर आजूबाजूच्या सगळ्यांचे मोबाइलही असतात. लिमिटनंतरचा स्पीड इथे नक्की विचारा, प्रश्न ५ मधला ५१२ चा आधार वायरवाल्या ब्रॉडबँडसाठी सांगितलाय.

१५. महिन्याच्या मध्येच संपलं तर काय करायचं?

तीन रस्ते: टॉप-अप, वरचा प्लॅन, किंवा तोच रिचार्ज परत करून नवीन सायकल चालू करणं. प्रीपेडमध्ये तिसरा कधी कधी टॉप-अपपेक्षा स्वस्त पडतो, पण उरलेले दिवस जातात का ते आधी विचारा.

१६. शेजाऱ्याबरोबर निम्मे निम्मे पैसे भरून एकच कनेक्शन वापरलं तर?

चालतं का म्हणाल तर चालतं, भिंतीपलीकडे वाय-फाय जातोच. पण कंपन्यांच्या अटींमध्ये घरगुती कनेक्शन दुसऱ्याला वाटायला किंवा विकायला मनाई असते, आणि मुख्य म्हणजे कनेक्शन तुमच्या नावावर आहे, शेजारच्या पोराने काही उद्योग केले तर पोलिस आधी तुमची बेल वाजवणार. पीजी चालवणाऱ्यांनी तर घरचा प्लॅन लावूच नये, दहा पोरं म्हटल्यावर लिमिट वीस तारखेच्या आत जाते आणि ३३०० च्या वर वारंवार गेलं की कंपनी कमर्शियल वापर म्हणून कनेक्शनच काढू शकते.

१७. कंपनी ऐकत नाही, तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला, आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. फोनवरची गोड माणसं "सर मी नोट करून घेतलंय" म्हणतात, नोट म्हणजे डॉकेट नव्हे. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अथॉरिटीकडे, साधारण ३० दिवसांच्या आत, याला पैसे लागत नाहीत. ट्रायला एकेकट्या ग्राहकाची तक्रार पाठवून उपयोग नाही, ते अशी तक्रार सोडवत नाहीत, हे लोकांना पटतच नाही.

त्यापुढे ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक कोर्टात चालत नाहीत असं कंपन्या पूर्वी सांगायच्या, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये चालतात असं स्पष्ट केलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. प्लॅन घेताना जाहिरातीचा आणि अटींचा स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर अर्धं काम झालं. केबलवाल्याने तोंडी सांगितलेलं असेल तर व्हॉट्सॲपवर "दादा, लिमिट ५०० आणि नंतर २ एमबीपीएस, बरोबर ना?" असं विचारून ठेवा, त्याचं "हो" पुरे.

१८. मुलगी अटलांटाला असते, तिला घरच्या नेटचं जास्त बिल आलं. तिकडे पण लिमिट असते?

असते, आणि तिकडचा प्रकार आपल्या जुन्या डेटावनसारखा. कॉमकास्ट या तिकडच्या मोठ्या कंपनीच्या एक्सफिनिटी नेटला बऱ्याच राज्यांत महिन्याला १.२ टीबीची लिमिट, त्यावर स्पीड पडत नाही तर प्रत्येक ५० जीबीला १० डॉलर, महिन्याला जास्तीत जास्त १०० डॉलर. जून २०२५ मध्ये त्यांनी नवीन प्लॅन काढले त्यात ही लिमिट नाही, पण जुन्या प्लॅनवर असणाऱ्याला स्वतः बदलून घ्यावं लागतं. तिला प्लॅनचं नाव बघायला सांगा. आणि तुम्ही रोज तीन तास व्हिडिओ कॉल करता त्याने हे झालेलं नाही, नातवाच्या गेमकडे बघा (प्रश्न १०).

१९. व्हीपीएन लावलं तर डेटा मोजता येणार नाही ना?

येतो. व्हीपीएन म्हणजे तुमचं नेट गुंडाळून दुसऱ्या सर्व्हरमार्फत पाठवणारं ॲप. तुम्ही काय बघताय ते लपतं, किती ओढताय ते नाही, मीटर वायरवर आहे. उलट गुंडाळून पाठवायचं म्हणून थोडा जास्तच जातो.